गाडी गाते, ह्यांना विचारा

चूक शालनबाईंची आहे. मला टीव्हीचं सांगायची त्यांना काय गरज होती?

शालनबाई म्हणजे आमच्या विहीणबाई, सूनबाई आम्रपालीच्या आई. राजगुरुनगरला असतात. रविवारी दुपारी त्यांचा फोन आला आणि जय भीम झाल्या झाल्या सुरूच. भिंतीएवढा टीव्ही घेतला, त्याच्याखाली लांबुडका स्पीकर ठेवलाय, बातम्या लावल्या की बातम्या देणारी बाई आपल्याच सोफ्यावर बसून बोलतीय असं वाटतं. मी ऐकून घेतलं. चांगलं दोन मिनिटं ऐकून घेतलं, माझ्या मानानं ते फार झालं. मग म्हणलं, "छान झालं हो. आमच्याकडं टीव्ही जुनाच आहे. पण आमची गाडी गाते."

"कुठली गाडी?"

"ह्यांची मोटारसायकल. असे स्पीकर बसवलेत, की चिखलीत गाणं लावलं तर मोशीतली माणसं ठेका धरतात."

आता गाडीला स्पीकर होते, ते काही खोटं नाही. पुढच्या काचेखाली दोन, बशीएवढे. गाणं लावलं की कपाटात कोंडलेला माणूस गातोय असा आवाज यायचा. पण गायचा ना? विहारात आम्ही दर रविवारी पंचशील म्हणतो, त्यातलं चौथं शील काय आहे ते मला चांगलं माहितीय. खोटं बोलायचं नाही. मी बोलतच नाही. मी फक्त फुगवून सांगते. भाकरी फुगली म्हणून कोणी तिला खोटी म्हणतं का?

शिवाय माझ्या गोष्टींना साक्षीदार असतो. आमचे हे, भीमराज. मी कुठलीही गोष्ट सांगितली आणि समोरच्यानं डोळे बारीक केले, की मी म्हणते, "माझ्यावर विश्वास ठेवू नका, ह्यांना विचारा." हे बाजूलाच बसलेले असतात. मान हलवतात, म्हणतात, "व्हय, व्हय." सगळं आयुष्य कंपनीत क्वालिटीला काढलेला माणूस. केसाएवढा ओरखडा असला तरी पत्रा परत पाठवायचा. असा माणूस व्हय म्हणला की समोरचा गप.

शालनबाई मात्र फोनवर होत्या, आणि हे पार्किंगमध्ये गाडी पुसत होते. साक्षीदार जागेवर नव्हता. शालनबाई म्हणल्या, "मग ओंकारच्या साखरपुड्याला गाडीवरनंच या की. हॉलच्या दारात गाणं वाजवतच उतरा. आमच्या भावकीला पण बघू दे गाणारी गाडी."

आणि हसल्या. ते हसणं मी ओळखते. भांड्याच्या दुकानात बाई पातेलं वाजवून बघते ना, तसं होतं ते.

म्हणजे आम्रपालीच्या भावाच्या साखरपुड्यापर्यंत गाडी गायला पाहिजे होती.

गाडीचं एवढंच सांगते, की चाकणच्या कंपनीतनं रिटायर झाल्यावर ह्यांनी ती सेकंडहँड घेतली. लांबच्या प्रवासाची मोठी गाडी. पुढं काच, बाजूला दोन पेट्या, मागं एक डिकी. ती डिकी म्हणजे माझी टेकायची जागा. मुलगा धम्मपाल म्हणाला, "बाबा, या वयात?" हे म्हणले, "या वयात न्हाई तर कंच्या?" ह्यांचं मूळ गाव खेड तालुक्यात, बोलणं अजून तिकडचंच आहे.

मी ह्यांना स्पीकरचं सांगितलं तर ते लगेच तयार झाले. मला वाटलं, माझ्या शब्दासाठी. तर ह्यांचं आधीपासनंच दुखणं होतं. "मी कवाचा म्हणतोय, त्या स्पीकरचा आवाजच येत न्हाई."

आमच्या सोसायटीत एक गोष्ट आहे. कोणी पार्किंगमध्ये गाडीशेजारी उकिडवा बसला, की आत्ता घरात झोपलेली माणसंसुद्धा येऊन उभी राहतात. पहिला आला नवनाथ. हा सोसायटीचा सेक्रेटरी, बीडकडचा, एका कंपनीत पेंट शॉपला आहे. त्यानं आधी गाणं ऐकलं, मग हेल्मेट घालून ऐकलं. म्हणाला, "काका, हेल्मेटमुळं होतंय बघा. आवाज येतुय, पण आत शिरंना."

मग दत्तोबा आले. ते वायरिंगच्या कंपनीत सुपरवायझर. म्हणले, "हेल्मेटचा काय संबंध राव? वॅट कमी आहेत. ह्या स्पीकरवर डास पण नाचायचा नाही."

आणि मीटिंग सुरू झाली. खरी मीटिंग, कंपनीत होते तशी. ह्या लोकांना साधा पंखा बिघडला तरी मीटिंग लागते. आणि कंपनीत ह्यांना शिकवलेलं असतं, की काही बिघडलं तर पाच वेळा 'का' विचारायचं, पाचव्या 'का'ला खरं कारण सापडतं. नवनाथनं नोटीस बोर्डावरची पाणीकपातीची सूचना उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहायला घेतलं. आवाज का येत नाही? स्पीकर लहान. लहान का? जागा कमी. जागा कमी का? पुढं काच आहे. स्पीकर पुढंच का? मागं डिकी आहे. मागं डिकी का?

सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"काकू टेकतात म्हणून," दत्तोबा म्हणले.

म्हणजे पाच वेळा विचारून निघालेलं मूळ कारण मी. पाचही प्रश्न त्यांनी गाडीलाच विचारले, हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही. डिकी काढायची आणि तिथं मोठ्या स्पीकरची पेटी बसवायची, असं ठरलं. मीटिंग संपली आणि सगळ्यांनी माझ्याकडं चहा मागितला.

पेटी बनवायला दिली भैरूकडं. भैरूची चिखलीतच वेल्डिंगची शेड आहे. तो मशीनला लावायच्या जाळ्या, टाकीचे स्टँड असली कामं करतो. माणूस गुणी, पण त्यानं आयुष्यात हलकी वस्तू बनवलेली नाही. मागं मी त्याच्याकडनं कपडे वाळत घालायचा स्टँड करून घेतला होता, तो अजून गच्चीत आहे, कारण खाली आणता येत नाही. मी म्हणलं, "भैरू, पातळ पत्र्याची कर बाबा." तो म्हणाला, "आजी, पातळ पत्रा थरथरतो. आवाज फाटंल. तुमी बघाच."

आम्ही बघितलं. चार माणसांनी उचलून आणली. तिजोरीच होती, फक्त दोन भोकं पाडलेली. वर रंग पिवळाधमक. रंगाचं काम नवनाथनं आपल्या ओळखीच्या ठिकाणी फुकट करून घेतलं होतं, आणि तिथं त्या दिवशी क्रेनच्या हुकांचा लॉट चालू होता. पेटी गाडीवर चढवली तसं पुढचं चाक जमिनीवरनं उचललं गेलं. मी मागं बसले तर हवेत टांगल्यासारखं. हे पुढं बसले तेव्हा कुठं चाक खाली आलं. हे म्हणले, "बॅलन्स बराबर हाय."

वायरिंग दत्तोबांनी केलं. दत्तोबा हुशार माणूस आहे, पण त्यांच्या कंपनीत त्यांची लाइन गाडीच्या मागच्या दिव्याची वायर बनवते. आयुष्यभर तेवढीच. डोळे बांधून दिलेत तरी ब्रेकलाइटची वायर ते वासावरनं ओळखतील. तर त्यांना ती ओळखीची वायर दिसली, आनंद झाला, आणि त्यांनी अँप्लिफायर तिथंच जोडला.

ब्रेक दाबला की गाणं. सोडला की बंद.

हे आम्हाला रस्त्यावर कळलं. ट्रायलला म्हणून देहू-आळंदी रस्त्यानं मोशीकडं निघालो. सगळं शांत. खड्डा आला, ह्यांनी ब्रेक दाबला, आणि माझ्या पाठीत कोणीतरी ढोल बडवला. एकच शब्द गायला आणि बंद. मला वाटलं भूकंप. पुढच्या स्पीडब्रेकरला अर्धी ओळ. रस्त्याला खड्डे मुबलक असल्यामुळं मोशीपर्यंत गाण्याचं पहिलं कडवं कसंबसं पूर्ण झालं. गाणारा बिचारा प्रत्येक खड्ड्यात दचकून ओरडल्यासारखा. मी मागनं ओरडतीय, "अहो, थांबा, थांबा!" आणि हे सरळ चाललेत.

चौकात सिग्नल लागला. आता सिग्नलला माणूस ब्रेक धरूनच ठेवतो. तिथं जे गाणं लागलं ते काय सांगू! शेजारच्या रिक्षातली बाई पदर सावरत नाचायच्या बेतात होती, टेम्पोतल्या कोंबड्यांनी जागच्या जागी अंडी घातली. ट्रॅफिक हवालदार शिट्टी मारत होता, ती त्याला स्वतःलासुद्धा ऐकू येईना. मग तो चालत आला.

"बाबा, हे काय लावलंय?"

ह्यांनी गाडी बाजूला घेतली, ब्रेक सोडला. एकदम शांत. हवालदार म्हणाला, "आत्ता वाजत होतं ते?"

"काय?" हे म्हणले.

"वाजवून दाखवा."

ह्यांनी ब्रेक दाबला. हवालदाराची टोपी मागं सरकली. तो म्हणाला, "बंद करा." ह्यांनी ब्रेक सोडला आणि गाडी उतारावर पुढं सरकायला लागली. हवालदार म्हणाला, "थांबा, थांबा!" ह्यांनी ब्रेक दाबला. असं आमचं बराच वेळ चाललं. शेवटी हवालदार म्हणाला, "आजी, रस्त्यावर हे चालणार नाही. चालत्या गाडीवर नाही, उभ्या गाडीवर पण नाही. काय टेस्ट करायची ती घरी करा." आणि ह्यांचं वय बघून, कंपनीचं ओळखपत्र बघून, त्यानं कडक सलाम ठोकला आणि आम्हाला सोडून दिलं.

दत्तोबांनी वायर बदलून किल्लीवर जोडली. त्यांना दोन दिवस कोणी काही बोललं नाही, पण त्यांच्या बायकोनं स्कूटीचा ब्रेक दाबताना एकदा कान झाकले म्हणे.

आता घरी टेस्ट करा म्हणजे कुठं? इथं आमच्या सोसायटीची दुसरी गंमत. सगळी माणसं कंपनीतली, आणि कंपन्या तीन शिफ्टच्या. दिवसा तिसऱ्या शिफ्टवाले झोपलेले. सकाळी दुसरीवाले उठलेले नसतात. संध्याकाळी पहिलीवाले आडवे. घड्याळात अशी वेळच नाही, की सगळे जागे. आमच्याकडं लग्नाची वरातसुद्धा गेटबाहेरनं चप्पल हातात घेऊन आत येते.

नवनाथनं नियमाप्रमाणं सभा बोलावली. विषय, ध्वनी चाचणी. धम्मपालची त्या आठवड्यात तिसरी शिफ्ट होती, तो स्वतःच्या बापाच्या विरोधात बोलला. कोणी म्हणालं गच्चीवर करा, पण भैरूची पेटी गच्चीत नेणार कोण? कोणी म्हणालं चऱ्होलीला मोकळ्या जागेत जा. दत्तोबा म्हणले, "मोकळ्या जागेत जाऊन आलो, आता तिथं बारा मजली टॉवर आहे." वादावादी सुरू झाली. तेव्हा हे उठले.

"झोपणाऱ्यांना कानात घालायचे बोळे दिले तर चालंल का?"

"एवढे आणायचे कुठून काका?"

"माझ्याकडं हायेत."

हे घरात गेले आणि पलंगाखालचा स्टीलचा डबा घेऊन आले. दिवाळीत आमच्याकडं चकल्या ठेवतात तेवढा डबा. उघडला. आत काठोकाठ पुड्या. कंपनीत प्रेस शॉपला कानात घालायला देतात ते नारिंगी बोळे, सीलबंद पुडीत. पत्र्यावर प्रेस पडतो ना, तो आवाज भयंकर असतो. मी एकदा कंपनीच्या फॅमिली डेला ऐकलाय, पोटातलं जेवण जागा बदलतं. ह्यांचं टेबल तिथंच, म्हणून हे बोळे ह्यांनाही मिळायचे.

"दर वेळी द्यायचे," हे अभिमानानं म्हणले. "मी एक बी वाया घालवला न्हाई. घातलं की मळतात. जपून ठेवले."

सगळे हसले. नवनाथ म्हणाला, "काका, तुमी तर खजिनाच लपवला व्हता!" आणि वाटावाटी सुरू झाली. पुडी फोडायचा टर्रटर्र आवाज सगळीकडं. नव्या कोऱ्या पुड्या. एकसुद्धा उघडलेली नाही. मी डब्याकडं बघत बसले. मला हसू येईना.

चाचणी झाली. बोळे घातलेली माणसं झोपली, बाकीची गॅलरीत उभी राहिली. दत्तोबांनी किल्ली फिरवली. पुढचं तुम्हाला खरं वाटणार नाही. तिसऱ्या मजल्यावर इडल्या साच्यातनं आपोआप सुटल्या. बोअरचं पाणी वर आलं. एका फ्लॅटमध्ये वर्षभर न बोलणाऱ्या सासू-सुना घाबरून एकमेकींच्या गळ्यात पडल्या. आणि हे स्पीकरपासनं हातभर अंतरावर उभे, डोकं एका बाजूला कलतं करून. गाणं थांबल्यावर म्हणले, "ढबढब कळतंय. पण शब्द येत न्हाईत. अजून एक पेटी लावली तर?"

दत्तोबा नवनाथकडं बघायला लागले, नवनाथ भैरूकडं. भैरू म्हणाला, "लावतो की. दुसऱ्या बाजूला."

दुपारी हे गॅलरीत पेपर वाचत होते. मी पाठीमागं जाऊन उभी राहिले आणि नेहमीच्या आवाजात म्हणलं, "अहो, शालनबाईंचा टीव्ही फुटला." काही नाही. "अहो, तुमची गाडी चोरीला गेली." पान उलटलं. मग मी पुढ्यात गेले, तोंड जरा बाजूला करून म्हणलं, "मी हिमालयात चाललेय, तिथंच राहणार."

"व्हय, व्हय," हे म्हणले.

मी खुर्चीत बसले. माझ्या सगळ्या गोष्टी डोळ्यांपुढनं गेल्या. वाघाची, निवडणुकीची, धम्मपाल झाला त्या वेळच्या पुराची. सगळ्यांना ह्यांनी व्हय म्हणलेलं. मला वाटायचं, माणसाचा माझ्यावर केवढा विश्वास! आणि ह्यांना गोष्टच माहीत नव्हती. आम्रपालीला सांगितलं तर ती म्हणाली, "आई, आम्हाला वाटायचं बाबा तुमच्याकडं मुद्दाम लक्ष देत नाहीत." घ्या.

आता माझी पंचाईत अशी. कान दुरुस्त केले तर हे गोष्टी ऐकणार. क्वालिटीवाला माणूस, ऐकल्या की तपासणार. आणि साखरपुडा तोंडावर. शालनबाईंसमोर साक्षीदार उलटला तर मी राजगुरुनगरात तोंड दाखवू शकत नाही. गप्प राहिले असते, कोणाला काय कळणार होतं? पण परवाच भाजी घेऊन येताना मागं कंटेनर हॉर्न वाजवत होता, एवढा की माझ्या पिशवीतली मेथी थरथरत होती. हे रस्त्याच्या मधून ऐटीत चाललेले. मीच मागं वळून ड्रायव्हरला हात केला. तेव्हा मी ह्यांना हट्टी म्हणलं होतं. साक्षीदारच राहिला नाही तर साक्ष कोण देणार?

ह्यांना सरळ सांगून उपयोग नव्हता. आम्रपालीनं सांगून बघितलं, तर म्हणले, "माझे कान शाबूत हायेत. स्पीकर खराब हाय." मग मी ह्यांच्या कंपनीच्या भाषेत शिरले. समोर बसले आणि मोठ्यानं म्हणलं, "तुमच्या क्वालिटीत मापायचं गेज असतं ना, ते बरोबर आहे हे कसं कळतं?"

"वर्षाला कॅलिब्रेशनला पाठवतात. पास झालं की स्टिकर लावतात."

"स्टिकर नसलं तर?"

"तर त्या गेजनं माल रिजेक्ट करता येत न्हाई. नियम हाय."

"मग तुम्ही स्पीकर कशावर रिजेक्ट केले? स्टिकर दाखवा."

ह्यांचा हात आपोआप कानाकडं गेला. मग म्हणले, "डॉक्टरकडं न्हाई जायचं. कॅलिब्रेशनला जाऊ."

पिंपरीत गेलो. तिथं पूनम नावाची मुलगी कान तपासते. तिनं ह्यांना काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन लावले, हातात बटण दिलं. बीप ऐकू आली की दाबायचं. ह्यांनी सटासट दाबायला सुरुवात केली. पूनम चकित. म्हणाली, "काकांचे कान तर तरुण मुलासारखे आहेत!" मी बाहेरनं बघत होते. हे काचेतनं तिच्या हाताकडं बघत होते. तिचा हात हलला की ह्यांचा अंगठा हलत होता. मी म्हणलं, "बाळ, तू त्यांच्याकडं पाठ करून बस." ती पाठ करून बसली. मग बराच वेळ बटण वाजलं नाही.

बाहेर आले तेव्हा हे हातातल्या बटणाकडंच बघत होते. ते पूनमला परत द्यायचं विसरूनच गेले होते. मी काही बोलले नाही. माझ्या बाबतीत हे क्वचितच होतं, म्हणून सांगते.

कानामागं बसायचं मशीन मिळालं. दवाखान्यातनं खाली रस्त्यावर आलो आणि हे जागच्या जागी थांबले. "हा एवढा गोंगाट कवापासनं सुरू झाला?" घरी आलो तर पंखा आवाज करतो हे त्यांनी शोधून काढलं. कुकरला दचकले. माझ्या बांगड्यांकडं बघत बसले. मी आपली आम्रपालीला सगळी हकिगत सांगत होते, तर हे म्हणले, "कस्तुरा, तू एवढं बोलतीस?"

"लग्न झाल्यापासनं," मी म्हणलं.

संध्याकाळी दत्तोबांनी पार्किंगमध्ये किल्ली फिरवली. ह्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. "बंद करा! कुणी लावला हा भोंगा? माणसं ऱ्हातात का जनावरं?"

नवनाथ, दत्तोबा आणि भैरू एका रांगेत उभे होते. कोणी कोणाकडं बघितलं नाही. पेटी उतरली. त्यात आता सोसायटीच्या पाण्याच्या मोटरचा स्टार्टर बसवलाय, पावसाचा थेंब आत जात नाही. माझी डिकी परत आली. पुढचे बशीएवढे स्पीकर होते तेच राहिले, आणि हे म्हणले, "ह्यांचा आवाज तर चांगला हाय की."

ते झालं, पण आता माझ्या घरात क्वालिटी डिपार्टमेंट चालू झालं. मी नवनाथच्या बायकोला हवालदारानं सलाम केल्याचं सांगत होते, तर आतल्या खोलीतनं आवाज, "सलाम न्हाई केला. पावती फाडली." बरं, फाडली. तुम्हाला पण मी सलामच सांगितला होता, तो खोडून पावती वाचा. कोंबड्यांच्या अंड्यांचं सांगितलं, तर, "टेम्पोत कोंबड्या न्हवत्या, कोबी व्हता." इडल्यांची तर त्यांनी वर जाऊन चौकशी केली. आठवड्यात माझ्या एकूण गोष्टींपैकी एकसुद्धा पास झाली नाही. बायका माझ्याकडं चहाला येऊन शांत बसायला लागल्या. असलं सुतकी घर मी उभ्या जन्मात बघितलेलं नाही.

आणि साखरपुड्याचा दिवस आला.

मोशी, चाकण, पुढं राजगुरुनगर. चाकणला नेहमीसारखी गर्दी, कंटेनरच्या मागं कंटेनर. मागनं हॉर्न वाजला की हे लगेच बाजूला व्हायचे आणि मला सांगायचे, "हॉर्न वाजला." मी म्हणायचे, "ऐकला." गाणं लावलं होतं, पण ते आम्हाला दोघांनाच ऐकू येत होतं. मी वाटेत दोनदा म्हणणार होते, की अहो, आज तेवढं मशीन काढून ठेवा. दोन्ही वेळा तोंडातनं शब्द बाहेर पडला नाही.

हॉलच्या दारात शालनबाई अख्खी भावकी घेऊन उभ्या. आत डीजे लागलेला. आम्ही थांबलो, ह्यांनी किल्ली काढली. शालनबाई म्हणल्या, "या विहीणबाई, जय भीम. कुठाय गाणं? आम्ही कवापासनं मोशीकडं कान लावून बसलोय."

भावकी हसली. आम्रपालीनं डोळे मिटले. मी काय करणार? डिकीला टेकून उभी राहिले आणि सुरू केलं.

"अहो, आत्ताच बंद करायला लागलं. चाकणला एवढा ट्रॅफिक तुंबला होता, पाखरू हलत नव्हतं. म्हणलं, अहो, जरा लावा. लावलं, तर कंटेनरचे ड्रायव्हर खाली उतरून नाचायला लागले. नाचत नाचत ज्यानं त्यानं आपली गाडी बाजूला घेतली, रस्ता मोकळा! पुढं वाटेत माळावर लावलं, तर दोन मोर आले. पिसारा फुलवून गाडीबरोबर पार राजगुरुनगरच्या कमानीपर्यंत नाचत आले. तिथं पोलिसांनी हात जोडले, म्हणले, आजी, आता बंद करा, मोर घरी जाईनात."

शालनबाईंनी माझ्याकडं बघितलं. मग माझ्या डोक्यावरनं मागं बघितलं. मी 'ह्यांना विचारा' म्हणायच्या आधीच त्यांनी विचारलं.

"काय व्याही? दोन मोर होते?"

हे हेल्मेट काढत होते. कानामागचं मशीन जरा सरकलं होतं, ते त्यांनी बोटानं नीट बसवलं. क्वालिटीला पत्रा हातात घेऊन उजेडात धरायचे ना, तसा चेहरा केला. मान हलवली.

"दोन न्हवते."

डीजेचं गाणंसुद्धा तेव्हाच संपलं. शालनबाईंच्या ओठांवर ते पातेलं वाजवणारं हसू आलं. मी डिकीची कडी घट्ट धरली.

"तीन व्हते," हे म्हणले. "तिसरा मागनं येत व्हता. हिला न्हाई दिसला. मी गाडी चालवत व्हतो, मला आरशात दिसला."

भावकीतला एक म्हातारा म्हणाला, "आरशात दिसला म्हणजे असणारच." आणि सगळे गाडीभोवती गोळा झाले, आरसा बघायला. शालनबाईंनी बराच वेळ ह्यांच्याकडं बघितलं, मग म्हणल्या, "या, आत या. जेवण गार होतंय."

हे पुढं निघाले. मी मागनं चालत होते. डीजे परत सुरू व्हायचा होता. ह्यांच्या पाठीशी, घरी गॅलरीत बोलले होते तेवढ्याच आवाजात, मी विचारलं, "अहो, मशीन चालूय का?"

हे वळले नाहीत.

"चालू हाय," म्हणले. "हळू बोल."